चालत्या वाड्याचा पत्ता

प्रवासाला निघालेल्या माणसाला लोक विचारतात, स्वेटर घेतला का, डबा घेतला का. आमच्या अधीक्षक साहेबांनी मला विचारलं, "पत्ता काय लिहू?"

मी एका सरकारी मनोरुग्णालयात समाजसेवेचं काम बघते. रुग्णालय विदर्भात आहे. कुठलं ते सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते कुठल्याही रुग्णालयात घडू शकतं. बरा झालेला रुग्ण घरी पोहोचवणं हे माझं काम. पोहोचवायचं म्हणजे दाराशी सोडून पळायचं नाही. घरचे त्याला घेतात का, त्याला झोपायला जागा आहे का, महिन्याच्या गोळ्या कुठून मिळणार, पुन्हा बिघडलं तर कोणी कोणाला कळवायचं, हे सगळं ठरवून मग हात सोडायचा. कागदावर याची मोठी देखणी योजना असते. त्या योजनेत पहिला रकाना पत्त्याचा, आणि तो भरल्याशिवाय पुढचं पानच उलटत नाही.

परत आल्यावर माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आहे. तो मी देईन. पण त्याआधी हे लिहिते, तिकडं कधी न गेलेल्या माणसांसाठी.

हौसाबाई चाळिशीतल्या. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातल्या धनगर. बाळंतपणानंतर त्यांचं डोकं बिघडलं, कुणाला न सांगता चालत सुटल्या, मिरजेला दिसेल त्या गाडीत बसल्या आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला एका फलाटावर उतरल्या. पोलिसांनी उचललं, कोर्टाने आमच्याकडे पाठवलं. वर्षभरात त्या बऱ्या झाल्या. अंगण झाडायच्या, स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायच्या, वॉर्डातल्या म्हाताऱ्यांच्या वेण्या घालायच्या. फक्त घर कुठे म्हणून विचारलं की म्हणायच्या, "आमचा वाडा हाय."

कुठे आहे वाडा?

"आता कसं सांगू? दिवाळी झाली की वाडा हालतो. आज हितं, उद्या म्होरं."

झालं! वाडा चालतो म्हणणारी बाई बरी कशी म्हणायची? एक डॉक्टर गेले, दुसरे आले. प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर ऐकलं, आणि मग आवाज अगदी मऊ करून विचारलं, "झोप होतेय का?" आणि गोळी वाढवली. श्रीमंतीचा भ्रम, असं त्याला नाव होतं. वॉर्डातल्या आया त्यांना राणीसाहेब म्हणायच्या. "राणीसाहेब, वाडा कुठवर आला आज?" असं विचारून एकमेकींना टाळ्या द्यायच्या.

हौसाबाईंनी गावाचं नावही सांगितलं होतं. चौकशीही झाली होती. भर हिवाळ्यात कुणीतरी जाऊन आलं, घराला कुलूप बघितलं आणि इथे कोणी राहत नाही असं कळवून मोकळं झालं.

मी बदली होऊन तिथे गेले तेव्हा मलाही ही गोष्ट गंमत म्हणून ऐकवली गेली. मी हौसाबाईंना एवढंच विचारलं, "वाड्याला खोल्या किती?"

वेडी मी आहे अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खोल्या? वाड्याला खोल्या असत्यात व्हय बाई? वाड्यात बिऱ्हाडं असत्यात. आमचं, दिराचं, चुलत्याचं. समद्यांची मेंढरं, घोडी, कुत्री. दोन दिस बसायचं, पालं काढायची, चालायचं."

त्यांच्या बोलीत वाडा म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र हिंडणारी बिऱ्हाडं. पावसाळा संपला की चाऱ्यासाठी पश्चिमेकडे निघतात, पावसाच्या तोंडाला परत येतात. एवढा एक शब्द. तो कुणाला ठाऊक नव्हता आणि विचारावा असं कुणाला वाटलं नाही, म्हणून एक धडधाकट बाई आठ-नऊ वर्षं लोखंडी खाटेवर झोपली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

साहेबांपुढे हे सगळं मांडलं. साहेब म्हणाले, "बरं, मान्य. पण मग पत्ता काय लिहू?"

शेवटी ठरलं ते असं. हौसाबाईंना घेऊन मी जायचं, आठवड्याभरात घरचे शोधायचे, कायमचा पत्ता मिळवायचा आणि जवळच्या दवाखान्यात गोळ्यांची सोय लावायची. यातलं काही राहिलं तर त्यांना परत आणायचं. आणि एकदा परत आणलं की दुसऱ्यांदा अशी परवानगी नाही. हे मी हौसाबाईंना गाडीतच सांगितलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सांगलीजवळ

मी अमरावतीची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांगलीत उतरल्यावर भूक लागली होती, एका हॉटेलात पोहे मागवले आणि वाढप्याला सवयीने म्हटलं, "दादा, वरून थोडा सांबार टाका ना."

त्याने माझ्याकडे बघितलं. "पोह्यांवर?"

"हो, भरपूर टाका."

बिचाऱ्याने आत जाऊन इडलीबरोबरचं गरम सांबार आणलं आणि माझ्या पोह्यांवर पळीभर ओतलं. मी किंचाळले. तो घाबरून म्हणाला, "आवं, तुमीच म्हनलासा की!" हौसाबाई आधी गप्प बसल्या होत्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले. वॉर्डात मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. पोटभर हसल्या आणि आपली बशी माझ्याकडे सरकवली.

मीही हसले, पण पोह्यांबरोबर एक विचार घशात अडकला. मी हिरवा सांबार मागितला, तर वाढप्याला वाटलं ही बाई परगावची आहे. हीच मी एखाद्या वॉर्डात असते आणि रोज पोह्यांवर हिरवा सांबार मागितला असता, तर काय झालं असतं? मऊ आवाज आणि एक गोळी जास्त!

त्या दिवशीचा मुक्काम माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या सासरी होता. सांगलीजवळच्या खेड्यातलं जैन कुटुंब, हळदीचं आणि द्राक्षांचं रान. तिचे सासरे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, दारातच उभे होते. हातपाय धुतोय तोवर त्यांची घाई सुरू. "आटपा, आटपा. दिस बुडायच्या आत ताटावर बसा." आमच्याकडे रात्री दहाला पहिला घास. इथे ऊन अजून ओसरीवर होतं आणि आम्ही भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही खात होतो. कांदा नाही, लसूण नाही, आणि तरी बोटं चाटावीत अशी चव. हौसाबाई ताट घेऊन उंबऱ्याबाहेर बसायला निघाल्या. आप्पा म्हणाले, "बाहेर कशाला वो बाई? हितं पंख्याखाली बसा की." त्या बसल्या, पण अंग चोरून.

जेवता जेवता मी वाड्याचं विचारलं. सांगताना मन घट्ट करून घेतलं होतं, न जाणो इथेही कुणी हसायचं.

"वाडा व्हय?" आप्पा म्हणाले. "आमच्या रानात बसायचा की दर सालाला. हळद निघाली की रान मोकळं. मेंढरं बसवली की खताचं काम झालं. आता चारी बाजूनं ऊस, बसवणार कुठं? वाडा आता इकडं येत न्हाई, विट्याकडनं वर जातोय."

वाडा बसतो, वाडा येत नाही, वाडा वर जातो! एक शिकलेला, चष्म्याचा, द्राक्षं परदेशी पाठवणारा माणूस ताटावर बसून हे बोलत होता आणि घरातलं कुणी दचकलं नाही. मी मनात म्हटलं, हा पहिला वेडा. मैत्रीण ताक वाढत होती. तिने विचारलं, "अगं, अशी रागानं काय बघतेस आप्पांकडं?" मी म्हटलं, "आप्पांकडं नाही गं." मग तिला सगळं सांगितलं. आप्पांनी हात धुतले, चूळ भरली आणि एवढंच म्हणाले, "लिवणाऱ्याला विचारायला जीभ नव्हती काय?"

आटपाडीच्या पुढं

हौसाबाईंचं गाव आटपाडीच्या पुढं, माणदेशात. सांगलीची हिरवाई मागे पडली की रंग बदलतो. तांबूस माळ, बाभळी, मधूनच कालव्याचं पाणी आलेल्या पट्ट्यात डाळिंबाच्या बागा, की पुन्हा माळ. आमच्या काळ्या कपाशीच्या जमिनीची सवय झालेल्या डोळ्यांना हे उघडं उघडं वाटत होतं. हौसाबाई मात्र एसटीच्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या आणि वाटेतल्या टेकड्यांची नावं पुटपुटत होत्या.

गावात शिरलो तर ओळीने कुलपं. चौकशीला आलेल्या माणसाला जे दिसलं तेच मलाही दिसलं. फरक एवढाच की बिरोबाच्या देवळाच्या कट्ट्यावर एक म्हातारे बसले होते आणि मी त्यांच्यापाशी गेले. महादू आण्णा त्यांचं नाव. गुडघे गेल्यापासून वाड्याबरोबर जात नाहीत, रिकाम्या घरांची राखण करतात. त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि माझ्यामागे उभ्या बाईकडे बघतच राहिले.

"हौसा? बिराची हौसा?"

"व्हय आण्णा."

"आरं माझ्या द्येवा," म्हातारे म्हणाले आणि काठी शोधायला लागले. काठी त्यांच्या हातातच होती.

मी विचारलं, "आण्णा, मागे इथे कुणी चौकशीला आलं होतं का?"

"आलता की एकजन. फटफटीवरनं उतरला न्हाई. कुलपं बघितली आन् माघारी."

"तुम्ही इथेच होता?"

"हितंच. ह्या कट्ट्यावर. दुसरीकडं कुठं जानार मी?"

"मग तुम्हाला विचारलं नाही?"

"मला कोन इचारतंय बाई?"

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. देवळात बोलले, बिरोबाने माफ करावं. एका माणसाने गाडीवरून एक पाय खाली टेकला असता, कट्ट्यावरच्या म्हाताऱ्याला एक प्रश्न विचारला असता, तर ही बाई त्याच उन्हाळ्यात घरी आली असती.

आण्णा पुढचं सांगायला अडखळत होते. हौसाबाईंनीच विचारलं, "कारभारी?"

"हाय. बरा हाय." मग जमिनीकडे बघत, "लय हुडकलं गं पोरी तुला. दोन सालं हुडकलं. मग मान्सांनी म्हनलं, गेली आसंल. तुजं दिवस घातलं आमी. बिरानं दुसरी क्येली. सगुना. चांगली हाय बाई."

मी हौसाबाईंकडे बघायचं टाळलं. जिवंत माणसाला स्वतःचे दिवस घातल्याचं ऐकावं लागतंय, आणि तेही आपल्याच दारात. त्या म्हणाल्या, "माज्या दिवसाला काय क्येलं हुतं?"

"गोड क्येलं. लापशी."

"मग बरं," हौसाबाई म्हणाल्या, आणि त्यानंतर जे विचारायला आल्या होत्या ते विचारलं. "पोरगी?"

"हाय की! मंगल. मोठी झालीया. वाड्यासंगट हाय."

तेव्हा त्या खाली बसल्या. आठ-नऊ वर्षांत त्यांनी आमच्यापैकी एकालाही हा प्रश्न विचारला नव्हता. आता कळतं, का ते. उत्तर देणाऱ्यालाच विचारतात.

आण्णांनी बिराचा मोबाइल नंबर दिला. लावला, बंद. आण्णा म्हणाले, "चार्जिंग कुठं करनार? हाटेल घावलं की ठेवत्यात. दोन दिस बंद, एक दिस चालू. वाडा आता उंब्रजच्या अंगाला आसंल. नसंल तर म्होरं."

दुसरा वेडा. मी बसायला जागा शोधली आणि त्यांनी दिलेली शिळी भाकरी न् मिरचीचा ठेचा असा खाल्ला, की डोळ्यांतून पाणी आलं. ठेच्याचंच ते, असं मी आण्णांना सांगितलं.

उंब्रज

कराड ओलांडून उंब्रजला आलो. कारखाने सुरू झालेले, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला, दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक आणि ड्रायव्हरच्या कानाशी जोरात गाणी. माणदेशातल्या शांततेनंतर कान बधिर झाले.

वाडा सापडण्याआधी गोळ्यांचं बघावं म्हणून वाटेतल्या एका सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलणारे, हसतमुख. असल्या माणसावर ओरडताही येत नाही. मी म्हटलं, या बाईंना दर महिन्याला या दोन गोळ्या लागतात, द्याल ना?

"देऊ की. आमच्या हद्दीत राहतात का?"

"आज राहतात."

"आणि उद्या?"

"उद्या पुढे जातील. तुमच्यासारखाच दवाखाना पुढे असेल, ते देतील. परतीच्या वाटेवर पुन्हा तुम्ही द्या."

ते हसले. "असं कसं चालेल मॅडम? तुम्ही त्यांचा कायमचा पत्ता आणा, मी आजपासून सुरू करतो."

"पत्ता आटपाडीकडचा देते."

"मग आटपाडीकडून घ्या."

"पण बाई तिकडे पावसाळ्यातच असतात हो!"

"मग पावसाळ्यात घ्या."

आजार पण बहुतेक हद्द बघून येत असेल! बाहेर आले आणि पहिल्या भेटलेल्या माणसावर घसरले. तो होता चहावाला. चहात साखर जास्त पडली म्हणून त्याला एवढं बोलले, की हौसाबाईंनी माझा हात धरला. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय. तो मात्र शांतपणे दुसरा चहा गाळत म्हणाला, "पावणं कुठलं? लय तापलाय."

मी सांगितलं, वाडा शोधतोय.

"बिराचा? त्यो परवा हितंच हुता की, त्या पल्याडच्या रानात. माज्याकडंच फोन चार्जिंगला लावायचा. वाडा गेला म्होरं, पाटणच्या अंगाला. मेंढरांच्या चालीनं लय तर मल्हारपेठंपातूर गेला आसंल."

तिसरा वेडा! मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. हौसाबाईंनी चहा बशीत ओतला होता, तो तसाच ठेवून त्या उठून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

मल्हारपेठेच्या अलीकडं

एसटीने सोडलं तिथून कच्च्या वाटेने गेलो. डोंगर आता दोन्ही बाजूंनी जवळ आले होते आणि हवा गार झाली होती. ऊस तुटून गेलेल्या एका रानात घोडी चरत होती. पलीकडे मेंढरं कोंडायची जाळी उभारलेली, तिच्यात कोकरांचा कलकलाट. काठ्यांवर ताडपत्र्या टाकलेली पालं, तीन दगडांच्या चुली, वाळत टाकलेली लुगडी. हा तो वाडा. बुरूज नाही, देवडी नाही. मी आमच्या सगळ्या डॉक्टरांना मनातल्या मनात ओळीने तिथे उभं केलं.

कुत्री भुंकत अंगावर आली. हौसाबाईंनी दातांत जीभ धरून एक आवाज काढला, तशी ती थबकली. एका पालातून आठ-नऊ वर्षांची मुलगी बाहेर आली. आम्हाला बघून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाहुणा आला की आधी पाणी, हे तिला कुणीतरी नीट शिकवलं होतं.

"पावनीबाई, पानी घ्या."

हौसाबाईंनी तांब्या घेतला. तोंडाला लावला आणि एका दमात सगळा संपवला. रिकामा तांब्या परत देताना त्यांचा हात मुलीच्या हातावर जरा जास्त वेळ राहिला. मुलीने तो ओढून घेतला आणि "आई" म्हणत पळाली. आई म्हणजे सगुणा. ती चुलीपाशी होती. उठून आली, हौसाबाईंकडे बघितलं, आणि फोटोत बघितला असेल किंवा नुसतं ऐकलं असेल, पण तिने चेहरा ओळखला. तिच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला.

बिरा मेंढरांकडून आला. उंच, पिकल्या मिशांचा माणूस. घोंगडं खांद्यावरून खाली घसरलं, ते त्याने उचललं नाही.

मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. सगळी वाट वाक्यं जुळवली होती. नवरा म्हणेल ही आता कोण, तर असं म्हणायचं, घरचे नको म्हणतील तर तसं. बिरा म्हणाला, "आमी पोलिसात गेल्तो बाई. वाटंतल्या एका चौकीवर. त्यांनी इचारलं, ऱ्हातासा कुठं? म्हनलं वाड्यावर. वाडा कुठं हाय? म्हनलं आज ह्या रानात, उद्या म्होरं. मग म्हनले, म्होरच्या चौकीवर जावा. म्होरच्या चौकीनं सांगितलं, मागं जावा. मेंढराला लस कुठल्याबी गावात टोचून देत्यात, बाई. मान्साला कुनी हुडकून देत न्हाई."

माझी सगळी वाक्यं वाया गेली. तिकडं तिला वेडी ठरवलं ते ज्या शब्दाने, त्याच शब्दाने इकडं ह्यांना हाकलून दिलं होतं. दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न, आणि दोन्हीकडे खरं बोलले म्हणून शिक्षा. राग कुणावर काढावा हेही कळेना, समोर सगळी भरडलेलीच माणसं.

राग सगुणाने काढला. "मला म्हनले, पयली मेली. म्हनून मी आले. हिची पोर मी ह्या कडंवर वाढिवली. आता ही जिती आली. मला कुनी इचारलं व्हतं? हिला तरी कुनी इचारलं? आन् आता मी काय करू, पाल सोडून जाऊ?"

सगुणाचं खरं होतं, त्याला माझ्या योजनेत रकाना नव्हता.

हौसाबाई म्हणाल्या, "तुजं पाल तुला. तुजा कारभारीबी तुला. मला माजी चूल पायजे, येगळी. आन् चार मेंढरं."

"आन् पोरगी?" सगुणाने विचारलं. हा खरा प्रश्न होता. तिचा आवाज चिरकला.

हौसाबाईंनी मंगलकडे बघितलं. ती सगुणाच्या लुगड्यामागे उभी होती. "तिची आई तू. मी पावनी. पावनी म्होरल्या सालाला मावशी हुईल, तर बगू."

ते ऐकून मी तोंड फिरवलं. योजनेची कागदं माझ्या पिशवीत होती आणि त्यांतलं एकही पान इतकं नीट ठरवलेलं नव्हतं.

बिराने एका घोडीकडे बोट केलं. "ती रिकामी चालतीया. तिच्यावर हिचं बिऱ्हाड घालू." झालं, ठरलं. मग सगुणा माझ्याजवळ येऊन बसली, गोळ्यांची पाकिटं हातात घेतली आणि म्हणाली, "पुन्ना बिघडायच्या आदी काय व्हतंय, ते सांगा. म्हंजे मला कळंल." मी सांगितलं. झोप उडते, एकटीच बोलते, जेवण सोडते. ती ऐकत होती, मधेमधे हौसाबाईंकडे बघत होती. तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. पुढच्या मी रुग्णालयातून महादू आण्णांच्या नावाने टपालाने पाठवायच्या, दर महिन्याला वाड्यातलं कुणी ना कुणी गावाकडे जातंच, ते घेऊन येईल. फोन करायचा तो बिराला, बंद असला तर सुरू होईपर्यंत. हद्दीच्या डॉक्टरांना विचारून काही होणार नव्हतं, म्हणून हे आम्ही चौघांनी चुलीपाशी बसून ठरवलं.

हौसाबाईंनी वेगळे तीन दगड मांडले आणि त्यावर पहिली भाकरी टाकली. आमच्या स्वयंपाकघरात त्या रोज शेकड्याने भाकऱ्या थापायच्या, पण ही करपली. त्यांनी ती करपलेलीच मला वाढली. मी खाल्ली. सोबत मेंढीचं दूध होतं, वास उग्र होता, आमच्याकडे कुणी तोंडाला लावणार नाही. मी पेला पुन्हा पुढे केला.

सकाळी वाडा हलला. मी बघता बघता पालं उतरली, काठ्या बांधल्या गेल्या, ताडपत्र्या, भांडी, कोंबड्यांच्या पाट्या, कोकरं, सगळं घोड्यांच्या पाठीवर चढलं आणि रान मोकळं झालं. मागे उरल्या त्या चुलींच्या तीन-तीन दगडांच्या जागा, त्यांत एक नवी. मेंढरं पुढे, घोडी मागे. हौसाबाई त्यांच्या घोडीचा दोर धरून निघाल्या. मंगल सगुणाबरोबर होती, पण मधूनच वळून बघत होती, पाहुणी मागे राहिली की काय म्हणून.

मी बांधावर उभी होते. तेवढ्यात फोन वाजला. साहेब.

"काय मॅडम, सापडले का घरचे?"

"सापडले, साहेब. त्यांनी घेतलंय. वेगळी चूल दिलीय, गोळ्यांची सोय लागलीय."

"वा, छान झालं. आता तेवढा पत्ता सांगा, मी लिहून घेतो."

समोर धुळीत मेंढरांच्या पाठी हलत होत्या. हौसाबाईंनी वळून हात केला. गावाकडचा पत्ता दिला असता, तर पुन्हा कुणीतरी जाऊन कुलूप बघून आलं असतं.

"वाडा चालतोय, साहेब," मी म्हणाले. "आत्ताच हलला. मी माझ्या डोळ्यांनी बघतेय. उद्या पाटणजवळ असेल, परवा पुढे."

मग साहेब बोलले, हळू, अगदी मऊ आवाजात.

"मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना? झोप होतेय का?"